फळ्याचा चौथा कोपरा

वन्सं,

तुम्हाला जाऊन आज अठरा दिवस झाले. इतके दिवस घरात माणसांची ये-जा होती. तुमचे विद्यार्थी आले, वाचनालयातली मंडळी आली, गिरीजच्या आळीतलं तर कुणी यायचं राहिलं नाही. सगळे तुमच्याविषयी चांगलंच बोलले. किती शांत होत्या, किती साध्या होत्या, कधी कुणाला दुखावलं नाही. मी चहाचे कप भरत होते आणि आतल्या आत चिडत होते. तुम्ही शांत? वाद घालताना तुमचा आवाज पार रस्त्यापर्यंत जायचा, आणि समोरच्याने हार मानली तरी तुमचं समाधान व्हायचं नाही. त्याने नीट कारण सांगून हार मानायला हवी. हे कुणाला आठवलंच नाही. मला आठवतंय, कारण तुमच्यामाझ्यातला एक वाद अर्धा राहिला आहे आणि त्यात मी तुमच्याशी खोटं बोलले आहे. ते सांगायला बसले आहे.

पण एकदम तिथे यायचं धाडस होत नाही. जरा मागून येते.

मी माणदेशातली. माहेरी घागर घेऊन टँकरपाशी उभं राहण्यात बालपण गेलेलं. तुमच्या धाकट्या भावाशी लग्न होऊन फुलपाड्याच्या दोन खोल्यांत आले, आणि पहिल्याच आठवड्यात हे मला गिरीजची वाडी दाखवायला घेऊन आले. केळी, नारळ, मांडवावर वाल, आणि घरामागे ते तळं. तुमच्या आजोबांनी खणलेलं, कडेला अळू माजलेलं, मध्ये बेडूक. इथे त्याला बावखल म्हणतात हे मला तुम्हीच सांगितलंत. मी म्हटलं, ‘एवढं पाणी असं उघड्यावर टाकून ठेवलंय?’ तुम्ही इतक्या हसलात की मला रागच आला. नंतर तुम्ही तुमच्या घरच्या बोलीत आईंना काहीतरी सांगितलंत आणि त्याही हसल्या. तुमची ती बोली मला आजतागायत धड बोलता आली नाही. पण माझ्याशी तुम्ही नेहमी कॉलेजातल्यासारखं शुद्ध बोलायचात, जणू मी पाहुणी आहे. ते मला लागायचं. हेही कधी सांगितलं नाही.

आपली खरी गट्टी जमली ती तुम्ही निवृत्त झाल्यावर, फळ्यामुळे. गणित शिकवणं थांबलं आणि तुमचे हात शिवशिवायला लागले. वाचनालयाच्या ओटीवरचा जुना फळा तुम्ही मागून घेतलात, पांढऱ्या रंगाने त्याचे चार भाग केलेत आणि वर लिहिलंत: गणित, आकाश, पदार्थ, परिसर. जगात कुठे काय नवं संशोधन झालं ते दर शनिवारी सोप्या मराठीत लिहायचं. मी म्हटलं, कोण वाचणार? भाजी न्यायला निघालेली माणसं? तुम्ही म्हणालात, ‘भाजी नेणाऱ्यांना डोकं नसतं का?’

आणि तुम्ही नियम केलात. कुठलीही गोष्ट आधी मला सांगायची. मी ती माझ्या शब्दांत परत सांगायची. मला जमलं तरच ती फळ्यावर जाणार. ‘कळलं’ एवढं म्हणून चालायचं नाही. तुम्ही म्हणायचात, ‘कळलं असं माझी पोरं सगळी म्हणायची आणि पेपर कोरा ठेवून यायची. तू सांग.’ मी बारावीपर्यंत शिकलेली, तेही कला शाखेत. पण तुम्हाला तेच हवं होतं. आम्ही दोघं शनिवारी सकाळी स्कूटरवरून वाडीत यायचो, हे झाडांना पाणी सोडायला जायचे, आणि आपण मागच्या पायरीवर. माझ्या मांडीवर वालाच्या शेंगा, तुमच्या हातात फोन आणि भिंग. वाल सोलून होईपर्यंत एक कोपरा पुरा व्हायचा.

त्या फरशीची आठवण येते का? तेरा बाजूंचा एकच आकार, आणि तो कितीही मांडला तरी नक्षी कधी स्वतःला गिरवत नाही. तुम्ही जुन्या कॅलेंडरच्या पुठ्ठ्यातून तसे पन्नास-साठ तुकडे कापलेत. मी ओसरीभर मांडले, गुडघे दुखेपर्यंत. मग म्हटलं, ‘म्हणजे फट राहत नाही आणि एकदा आलेलं पुन्हा कुठेच येत नाही.’ तुम्ही मान हलवलीत. तुकडे पुन्हा येतात, म्हणालात, अख्खी नक्षी येत नाही. सगळी उचलून बाजूला सरकवलीस तर ती स्वतःवर कधीच बसणार नाही. मला पुन्हा सांगायला लावलंत. तिसऱ्या वेळी पास केलंत. तुम्हाला त्या शोधातलं सर्वांत काय आवडलं होतं? तो आकार सापडला एका हौशी माणसाला, प्राध्यापकाला नाही. हे तुम्ही फळ्यावर अधोरेखित केलंत आणि त्या दिवशी माझ्याकडे जरा वेगळ्याच नजरेने पाहिलंत.

आकाशाच्या कोपऱ्यात एकदा विश्व किती वेगाने पसरतंय याची दोन मापं होती. दोन रीतींनी मोजलं तर दोन वेगळे आकडे येतात, आणि दोन्हीकडचे लोक पुन्हा पुन्हा तपासून म्हणतात, आमचं बरोबर आहे. मी म्हटलं, एकाच बाईचं माप दोन शिंप्यांनी घेतलं आणि ब्लाउज दोन झाले. आता शिंपी चुकला की बाई बदलली हेच कळत नाही. तुम्ही भिंग खाली ठेवलंत. ‘हेच लिहिते,’ म्हणालात, आणि शब्द न बदलता लिहिलंत. पुढच्या शनिवारी आळीतल्या बायका मला थांबवून विचारत होत्या, मग पुढे काय झालं? मी तोऱ्यात सांगायची, अजून भांडण चालू आहे. लग्नानंतर इतक्या वर्षांनी मला त्या गावात पहिल्यांदा कुणीतरी काहीतरी विचारलं होतं. ते तुमच्यामुळे, वन्सं.

आणि पदार्थाच्या कोपऱ्यातली ती फजिती. साध्या घरच्या हवेत, थंड न करता, वीज जराही वाया न घालवणारा पदार्थ सापडला अशी बातमी सगळ्या जगात पसरली होती. तुम्ही लिहिलं होतंत, ‘सापडला असे काही संशोधक म्हणतात.’ मीच म्हटलं, असं म्हणतात-बिणतात लिहिलं की कोण थांबतंय वाचायला? तुम्ही ‘असे काही संशोधक म्हणतात’ एवढं पुसलंत. अर्नाळ्याहून मासे घेऊन येणारी हिरामावशी पाटी खाली ठेवून फळा वाचायची, बोट ठेवून, मोठ्याने. ‘थंड न करता’वर बोट ठेवून ती मला विचारून गेली, मग आमचा बरफ पन लागनार नाय का? मी उत्साहाने हो म्हटलं. पुढे इतर प्रयोगशाळांत तो पदार्थ कुणाला साधला नाही. सगळं ओसरलं.

मला वाटलं तुम्ही गुपचूप पुसून टाकाल. तुम्ही तिथे मोठ्या अक्षरात लिहिलंत की आम्ही घाई केली, हे सिद्ध झालेलं नाही. आणि खाली स्वतःचं नाव घातलंत. माझं नाव नाही. चूक जितके शनिवार फळ्यावर होती, तितकेच शनिवार तुम्ही ती दुरुस्ती तशीच ठेवलीत. हिरामावशीला तर तुम्ही मुद्दाम थांबवून सांगितलंत की बर्फ लागणारच आहे. मी दूर उभी राहून पाहत होते. मला तेव्हाच कळायला हवं होतं की तुमच्याशी खोटं बोलणं हे इतर कुणाशी बोलण्यासारखं नाही.

आता येते.

आमचा निखिल चार वर्षांचा होता तेव्हाची गोष्ट तुम्हाला माहीत आहे, सगळ्या घराला माहीत आहे. मे महिन्याची सुट्टी. तो बेडकामागे पळाला आणि बावखलात गेला. तुम्ही नुकत्याच कॉलेजातून पेपर तपासून आला होतात, तशाच साडीनिशी उडी मारलीत आणि त्याला वर काढलंत. ही गोष्ट आपल्या घरी हसत सांगितली जाते. आत्यांची एक चप्पल दोन दिवसांनी अळवात सापडली, निखिल बाहेर आल्यावर पहिल्यांदा काय म्हणाला तर बेडूक सुटला. मीही हसते. पण मी त्या वेळी स्वयंपाकघरात कणीक मळत होते, वन्सं, आणि मला तो पाण्यात पडल्याचा आवाज आला होता. मला वाटलं नारळ पडला. मी मळत राहिले. तुम्ही नसता तर मी कणीक मळतच राहिले असते.

हे मी कुणालाही सांगितलं नाही. ह्यांनाही नाही. त्यानंतर मी त्या तळ्याकडे पाठ करून बसायला शिकले. आपण पायरीवर बसायचो तेव्हा मी नेहमी भिंतीकडे तोंड करून का बसते, हे तुम्ही एकदा विचारलं होतंत. मी म्हटलं होतं, ऊन लागतं.

गेल्या वर्षी ह्यांनी ठरवलं, फ्लॅट निखिलला देऊन आपण वाडीत राहायला जाऊ. निखिल, सूनबाई आणि ओवी सुट्टीला येतील. ओवी तीन वर्षांची. मी एकच अट घातली, आधी ते बावखल बुजवा. कारण विचारलं तर म्हटलं, डास होतात, आणि मागे गाडी लावायला जागा होईल. हे म्हणाले, ठीक आहे. वाटणीत ते आमच्या हिश्श्यात आलेलं, त्यामुळे कुणाला विचारायचंही नव्हतं. तरी ह्यांनी तुमच्या कानावर घातलं.

तुम्ही ह्यांना एका शब्दाने अडवलं नाहीत. ‘नंदू, तुमच्या वाट्यातलं आहे,’ एवढंच म्हणालात. ‘फक्त मी ते फळ्यावर लिहीन. परिसरच्या कोपऱ्यात. नाव-गाव न घालता, बावखलं बुजवली की काय होतं एवढंच.’ आणि तुम्ही वाचायला बसलात. किनाऱ्याकडच्या जमिनी, खारं पाणी, कुठल्या देशात लहान तळ्यांसाठी काय नियम केले, आपल्याकडच्या नियमांत पाणथळ जागा कशाला म्हणतात, आणि माणसाने वाडीपुरतं खणलेलं एवढंसं तळं कसं कुठल्याच यादीत धड बसत नाही.

पुढच्या शनिवारी तुम्ही काचेचं भांडं घेऊन पायरीवर आलात. तळाशी मिठाचं पाणी, त्यात कोकमाचा रंग. वरून पळीच्या पाठीवरून साधं पाणी इतकं हळू सोडलंत की ते वरच राहिलं. खाली लाल, वर निवळ. तुम्ही समजावलंत. दहा मिनिटं लागली असतील. आणि म्हणालात, ‘हं, सांग.’

मला कळलं होतं, वन्सं. पहिल्याच वेळी, पूर्णपणे कळलं होतं. फरशीपेक्षा ते कितीतरी सोपं होतं. पण मी ते सांगून दाखवलं की लगेच फळ्यावर जाणार. फळ्यावर गेलं की हे वाचणार, आणि तुम्ही लिहिलेलं ह्यांनी कधी मोडलेलं नाही. मग ते पाणी तिथेच राहणार, आणि ओवी धावत येणार.

मी म्हटलं, ‘नाही बाई, डोक्यावरून गेलं.’

तुम्ही भांडं उचलून आत नेलंत. नियम मोडून तुम्ही लिहू शकला असता. मनात आलंही नसेल तुमच्या. पुढच्या शनिवारी तुम्ही अंगणात तांदळाच्या पिठाने जमिनीचा आडवा छेद काढलात. त्याच्या पुढच्या शनिवारी मला दोन विहिरींचं पाणी चाखायला लावलंत, आपल्या आणि खाली समुद्राकडच्या. मी म्हटलं, मला दोन्ही सारखीच लागतात. इतकं धडधडीत खोटं मी आयुष्यात बोलले नव्हते. टँकरपाशी वाढलेल्या बाईला पाण्याची चव कळत नाही? तुम्ही ते खरं मानलंत. दुसरं कुणी असतं तर मला ओळखलं असतं, पण तुम्हाला समोरचा खोटं बोलत असेल असं वाटायचंच नाही. तुम्हाला वाटायचं, आपलंच सांगणं कमी पडतंय.

तुम्ही हट्टाने परिसरचा कोपरा कोराच ठेवलात. हे कळत नाही तोवर तिथे दुसरं काही नाही, म्हणालात. शेवटी शेवटी तुम्ही थकायला लागला होतात. पायरीवरून उठताना माझ्या खांद्याचा आधार घ्यायचात. एकदा भिंग पुसत म्हणालात, ‘पस्तीस वर्षं शिकवलं आणि घरातल्या माणसाला एवढं सांगता येत नाही. मला खरंच शिकवता येत होतं का गं?’

मी म्हटलं, ‘वन्सं, माझंच डोकं जाड.’ आणि वाल सोलत राहिले.

त्याच्या पुढच्या बुधवारी तुम्ही गेलात.

बाराव्याचं सगळं आटोपल्यावर ह्यांनी विषय काढला. भरावाची माती सोमवारी येणार होती, आधीच ठरलेलं, पुढे ढकलायची का? ह्यांना वाटलं असेल, सुतकाच्या महिन्यात घाई कशाला. मी म्हटलं, पुढे नाही, नकोच. गेले वर्षभर मीच त्यांच्या मागे लागले होते. मग मी त्यांना सांगितलं. जमिनीखाली समुद्राचं खारं पाणी असतंच. पावसाचं गोडं पाणी हलकं, ते त्याच्यावर थर धरून राहतं. बावखल पाऊस साठवून सावकाश खाली सोडतं, म्हणून तो थर जाड राहतो. बावखल बुजवलं आणि विहिरीतून उपसा तसाच ठेवला तर थर पातळ होत जातो आणि एक दिवस खालचं वर येतं. आधी विहीर जाते, मग केळी जातात. एका दमात सांगितलं, न अडखळता. तुम्ही असता तर पहिल्या वेळी पास केलं असतं.

हे म्हणाले, ‘हे कुणी सांगितलं तुला?’

‘वन्संनी.’

‘कधी?’

मी चहाचे कप उचलायला लागले. ते समजले असावेत, कारण त्यांनी चष्मा काढून हातात घेतला. ह्यांना ओरडता येत नाही, बहीणभावांत ते सगळं तुमच्याच वाट्याला आलं होतं. मग म्हणाले, ‘शेवटच्या सोमवारी ताईचा फोन आला होता. विचारत होती, शालिनीला स्वयंपाकातलं एखादं उदाहरण दिलं तर कळेल का, तुला काही सुचतंय का. मला नाही सुचलं.’

त्या दिवसापासून मी वरण लावलं नाही. कारण उदाहरण मला पहिल्या शनिवारीच सुचलं होतं. वरण निवलं की डाळ खाली बसते आणि वर निवळ पाणी येतं. पळीने वरचं वरचं काढत राहिलं आणि पाणी घातलं नाही, तर शेवटी पळीत डाळच येणार. एवढंच. तुम्ही भांड्यात कोकमाचा रंग घालत होतात आणि माझ्या मनात हे तयार होतं. तुम्ही ऐकलं असतंत तर भिंग खाली ठेवलं असतंत.

काल मी वाचनालयात गेले. तुमचे तीन कोपरे तसेच होते, खडूचं अक्षर जरा पुसट झालेलं. मी त्यांना हात लावला नाही. चौथ्यात मी लिहिलं. वरणाचं लिहिलं, बावखलाचं लिहिलं, विहिरीचं लिहिलं. माझ्या ओळी सरळ येत नाहीत, खाली घसरतात. खाली माझं नाव घातलं.

हिरामावशी पाटी घेऊन आली. तुम्ही गेल्यापासून ती फळ्यापाशी थांबत नव्हती म्हणे. काल थांबली. बोट ठेवून सगळं वाचलं, मोठ्याने, शेवटपर्यंत. मग माझ्याकडे वळली.

‘कोनी समजावलं तुला?’

‘आमच्या बाईंनी,’ मी म्हटलं. ‘पहिल्याच दिवशी कळलं होतं मला.’

‘मग येवढे शनवार कोरा का ठेवला?’

ओटीवर दोघंतिघं पेपर वाचत होते. मी त्यांच्या देखत तिला सांगितलं. निखिलचं सांगितलं, कणकेचं सांगितलं, तो आवाज सांगितला, ओवीचं सांगितलं. जे इतक्या वर्षांत तुम्हाला नाही, ह्यांना नाही, ते एका पाटीवाल्या बाईला उभ्या उभ्या सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं. मग पाटी डोक्यावर ठेवली आणि माझी कीव आल्यासारखी म्हणाली, ‘येवढंच होतं तर तसं सांगायचं ना बाईला. पान्याला चारी बाजूनं जाळी मारून दिली असती तिनं. दुसऱ्याच दिवशी.’

दिली असतीत, वन्सं. मला माहीत आहे.